वाचले. पुढे.

चहाचा कप उचलला तेव्हा लक्षात आलं, की तो मी माझ्यावरच ठेवला होता. जेवणाच्या टेबलावर लेकीचा भलामोठा पांढरा कागद पसरलेला, त्यावर पेन्सिलीने काढलेल्या चौकटी, एकीकडून दुसरीकडे जाणारे बाण; आणि कपाच्या ओल्या गोलात नेमकी एक चौकट सापडली होती. आत तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'मुख्य लिपिक : तपासणी'. त्यावर लाल फुली. बाजूला तिच्या सरांचं घाईचं अक्षर : 'आत येते तेच बाहेर जाते. इथे काहीच बदलत नाही. हा टप्पा काढा.' मुख्य लिपिक म्हणजे मी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रार विभागात, खिडकीवरच्या बाई आणि धाकटे इंजिनीअर यांच्या मधलं टेबल माझं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "बिस्किट देऊ का?" मी नको म्हणालो. मग कप जिथून उचलला होता तिथेच, त्या ओल्या गोलावर, बरोब्बर परत ठेवला. का ठेवला, कोण जाणे. लेकीला कळू नये की मी पाहिलं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. चहा गार झाला तरी मी त्याला हात लावला नाही.

लेकीच्या पदवीचं नाव माझ्या बायकोला अजून नीट सांगता येत नाही. कॉम्प्युटरची माहिती, माहितीचा कॉम्प्युटर, असं काहीतरी ती शेजारणीला सांगते. मेहुण्याला वाटलं, पोरगी कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकतेय, म्हणून तो पहिल्याच वर्षी बंद पडलेला प्रिंटर काखोटीला मारून घेऊन आला. "मामा, हे आमच्यात नाही येत," ती म्हणाली. "मग तुमच्यात येतं तरी काय?" मामा वैतागला. खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही होता, पण बापाने असं उघड विचारायचं नसतं. मी हळूहळू शिकत गेलो. ती या टेबलाशी मोठ्याने अभ्यास करायची आणि मी वर्तमानपत्राआड बसून ऐकायचो. पहिल्या वर्षी प्रोग्रॅम. चहा कसा करायचा हे यंत्राला एकेक पायरी सांगून दाखव, असं तिला घरी करायला दिलं होतं, आणि तिने गॅस पेटवायची पायरीच गाळली. त्यावरून तिची आई आठवडाभर हसत होती. मग आलं डेटाबेस. एक गोष्ट एकाच जागी ठेवायची, दोन जागी ठेवली की एक दिवस दोन्ही जागी वेगवेगळी सापडते. हे शिकल्यावर तिने घरातल्या किल्ल्या, औषधं, पासपोर्ट सगळ्यांना एकेक जागा नेमून दिली आणि आम्ही दोघं किल्ल्या शोधत बसलो. मग नेटवर्क, मग सुरक्षितता. तेव्हा माझा पासवर्ड म्हणजे तिच्या आईचं नाव आहे हे कळल्यावर तिने कपाळावर हात मारला आणि तिची आई मात्र खूश झाली. मध्येच हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवस्थापन. मी म्हटलं, अगं, कॉम्प्युटरवाल्यांना हे सगळं कशाला? ती म्हणाली, "बाबा, यंत्रं बनवणारे वेगळे. आम्ही मधले. माणसाला काय हवंय ते यंत्राला कळेल असं करून द्यायचं आणि यंत्र काय म्हणतंय ते माणसाला." मधले हा शब्द मला आवडला होता. मीही आयुष्यभर मधलाच होतो. बापलेकीचा धंदा एकच निघाला, असं मी तेव्हा मनात म्हटलेलं आठवतं.

शेवटच्या वर्षी तो विषय आला, ज्याचं नाव ती 'सिस्टिमचा अभ्यास' असं साधंच सांगायची. एखादं चालतं काम घ्यायचं, तिथे जाऊन बसायचं आणि बघायचं. माहिती कुठून येते, कोणाच्या हातात जाते, तो तिचं काय करतो, मग ती कुठे जाते. हे सगळं आधी हाताने कागदावर काढायचं. सरांचा तसा हट्टच होता, की चित्र चुकलं तर यंत्र फक्त चूक वेगाने करेल. जो काम करतो ती एक चौकट. चौकटीचा नियमही तिने मला ऐकवला होता : आत गेलेली गोष्ट बाहेर येताना बदलली पाहिजे. गव्हाचं पीठ झालं पाहिजे, कापडाचा सदरा झाला पाहिजे. नाही बदलली, तर ती चौकट नव्हेच, नुसता बाणाचाच एक तुकडा. मी तेव्हा वर्तमानपत्राआडून म्हटलं होतं, "एकदम बरोबर." घ्या! स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं.

तिने आमची कचेरी निवडली, कारण ओळखीची. मोठ्या साहेबांनी परवानगी तर दिलीच, वर म्हणाले, काम चांगलं झालं तर आम्ही ते वापरू, प्रेझेंटेशनला मी स्वतः येईन. सुट्टीत ती रोज माझ्याबरोबर यायची. माझ्या टेबलाशेजारी लोखंडी कपाटाला खेटून स्टूल टाकून बसायची आणि काही न बोलता बघायची. बाहेरच्या खिडकीवर बाई तक्रार लिहून घेतात : नाव, पत्ता, काय झालंय. पाइप फुटला, पाणी गढूळ, नळ कोरडा. तो कागद माझ्या ट्रेमध्ये येतो. मी वाचतो. खाली हिरव्या शाईने लिहितो, 'वाचले. पुढे.' आणि सही. मग तो धाकट्या इंजिनीअर साहेबांकडे, तिथून फिटरकडे, फिटर पान्ह्यांची पिशवी घेऊन सायकलवर. कचेरीत माझं नावच पुढेकर पडलंय. "पुढेकर आले का?" "पुढेकरांचं जेवण झालं का?" मीही हसतो. कोणाला नाव पडणं म्हणजे त्याची तिथे जागा आहे, असा माझा समज. एका दुपारी लेकीने वही काढली आणि मला परक्या माणसाला विचारावं तसे प्रश्न विचारले. कागद आला की काय करता? वाचतो. मग? विचार करतो. कसला? मी म्हटलं, "कसला म्हणजे? सगळा." तिला हसू आलं. "कधी परत पाठवता का कुणाचा?" "पाठवावा लागतो कधीमधी," मी म्हणालो. खिडकीवरच्या बाईंनी तेवढ्यात मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे केली. लेकीच्या सरांनी तिला शिकवलं होतं, की माणसाला तो काय करतो ते विचारा, पण विश्वास डोळ्यांवर ठेवा. ती किती दिवस तिथे बसली होती, तिने काय पाहिलं असेल, हे मला त्या गार चहापुढे बसल्यावर कळलं. तरीही तिने चौकट काढली होती. नियम तिलाच पाठ होता, तिनेच मला शिकवला होता, आणि बापाला चित्रात ठेवायला पोरीने चुकीची चौकट काढली होती.

ती घरी आली, पिशवी खुर्चीला अडकवली आणि आधी कप उचलून ओला गोल रुमालाने टिपला. मी वर्तमानपत्रात. "सरांनी पाहिलं का गं?" मी विचारलं. "हो. बारीकसारीक दुरुस्त्या आहेत." "मोठं काही नाही ना?" "छे! तुम्ही कशाला काळजी करताय?" तिने कागद गुंडाळला. तिला खोटं बोलता येत नाही. बोलताना ती कानामागचे केस पुन्हा पुन्हा कानामागेच घालते. मला नोकरीची भीती नव्हती. कायमची नोकरी, फार तर हे टेबल काढतील आणि वरच्या मजल्यावर मीटरच्या नोंदींत नेऊन बसवतील. निवृत्तीपर्यंत कुठेही बसता येतं. भीती वेगळीच होती. सर खरं बोलत असतील तर? चौकट राहिली तर पोरीचा प्रोजेक्ट चुकीचा ठरणार, तिची वर्षभराची मेहनत बापापायी पाण्यात. चौकट गेली तर इतकी वर्षं रोज सकाळी डबा घेऊन मी कुठे जात होतो? जेवताना बायको म्हणाली, "दोघांच्या तोंडाला कुलूप लागलंय का आज?" आम्ही दोघंही एकदम "नाही, कुठे?" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी स्वतःवर पाळत ठेवली. पहिला कागद आला : चौकातल्या बेकरीसमोर पाइप गळतोय. वाचला. आता काय बदलू? अक्षर स्वच्छ होतं, पत्ता पुरा होता. एक वेलांटी चुकली होती, ती सुधारली आणि माझी मलाच कीव आली. दुसरा कागद, तिसरा. पंखा टेबलावरचे कागद उचलू बघत होता आणि मी त्यांच्यावर काचेचा गोळा ठेवत होतो. म्हणजे कागद धरून ठेवणं हे एक काम झालं, असा एक चावट विचार मनात आला आणि त्याने मी जरा सुखावलोही. आठवायला लागलो, की कधीतरी मी काही बदललं असेलच. नोकरीला लागलो तेव्हा या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी मला सही कशी करायची ते दाखवलं होतं : घाई करायची नाही, पेन उचलायचं नाही, शेवटी रेघ सोडायची. त्यांना कोणी दाखवलं असेल? त्यांच्या काळी या टेबलाला काही काम असावं. मला ते टेबल मिळालं, सही मिळाली, काम मात्र मधल्या मध्ये कुठेतरी राहून गेलं होतं, आणि हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी मी सही करताना पहिल्यांदाच अडखळलो. रेघ वाकडी गेली.

आणि मग मला ती अवदसा आठवली. दुपारच्या आधी एक कागद आला. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा, दोन दिवस नळाला थेंब नाही. पत्त्यात घराचा नंबर नव्हता. लिहिलं होतं, दवाखान्याच्या मागे, निळा दरवाजा. आमच्या फिटरला तो निळा दरवाजा स्वप्नातही सापडला असता. मला हे ठाऊक होतं. तरी मी हिरवं पेन उचललं आणि लिहिलं, 'अपूर्ण. परत.' सही केली. लेकीच्या चित्रात माझ्या चौकटीतून मागे जाणारा एक बाण मला स्पष्ट दिसला. काहीतरी बदललं! छातीत इतकं हलकं वाटलं, की मी उठून कागद स्वतः खिडकीवर नेऊन दिला. बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "पुढेकर, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." त्यांनी खांदे उडवले आणि फोन लावला. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या शिवणवाल्या बाई आल्या. गळ्यात मोजमापाची टेप तशीच, कपड्यांवर दोऱ्याचे तुकडे, म्हणजे हातातलं काम टाकून आलेल्या. त्यांनी घराचा नंबर लिहून दिला आणि खिडकीतून आत बघून म्हणाल्या, "माझंच चुकलं हो. तुम्हाला उगाच त्रास." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी इतका शरमलो की मान वर करून त्यांच्याकडे पाहवेना. कागद घेतला, माझ्या ट्रेमध्ये ठेवला नाही, धाकट्या साहेबांच्या खोलीतही नेला नाही. सरळ मागच्या अंगणात गेलो, तिथे फिटर सायकलला हवा भरत होता. "निळा दरवाजा?" तो म्हणाला. "अहो, मग सकाळी नाही का सांगायचं? मी तिथूनच तर आलो." तो गेला. मी पंपाशेजारी उभा राहिलो. माझ्या टेबलापाशी काही बदलत नाही असं सर म्हणाले होते. तेही खरं नव्हतं. कागद माझ्याकडे शिळा होत होता. त्या बाईंचा नळ आज माझ्यामुळे अर्धा दिवस जास्त कोरडा राहिला, आणि आजच का, रोज कुणाचा ना कुणाचा राहतच असेल. अंगणात ऊन छान पडलं होतं. मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. उलट डोकं शांत झालं, दुखणं काय आहे ते डॉक्टरांनी सांगितल्यावर होतं तसं.

घरी आलो तर टेबलावर नवा कागद. लेकीने सगळं पुन्हा काढलं होतं, रेघा आणखी सरळ, अक्षर आणखी रेखीव. माझी चौकट तिथेच. आणि तिच्यातून मागे खिडकीकडे जाणारा एक नवा बाण, त्यावर लिहिलेलं : 'अपूर्ण तक्रार परत'. मी उभाच राहिलो. बाप तिकडे जे करून आला, तेच पोरीने इकडे बसून केलं होतं. ती कानामागे केस घालत म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना, कधीमधी परत पाठवता? मग तो बाण दाखवला पाहिजे. मी विसरलेच होते." आता मला खोटंही बोलावं लागणार नव्हतं. "आजच पाठवला एक," मी म्हणालो. तिचा चेहरा असा उजळला की मला गप्प बसावंसं वाटलं. "खरंच? काय झालं होतं?" मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, निळा दरवाजा, टेप, सायकल. ती आधी भराभर लिहून घेत होती. मग पेन्सिल सावकाश झाली. मग थांबली. तीन वर्षं तिला नेमकं हेच शिकवलं होतं, माणूस सांगतो त्यातून काम कसं चालतं ते ऐकायचं. आणि तिने ते ऐकलं. "तुम्ही तो फुलीचा कागद पाहिलात," ती म्हणाली.

"कपाखालीच होता."

"मी काढणार नाहीये."

"काढ."

"बाबा, तुम्हाला काय कळतं यातलं?"

"तू शिकवलंस तेवढं. पीठ झालं पाहिजे, सदरा झाला पाहिजे."

"मार्क गेले तर गेले माझे!"

"मार्कांचं नाही गं बोलत मी. चित्र चुकलंय." माझा आवाज जरा चढला असावा, कारण बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली. लेक रडायला लागली. मोठी झाल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी तिच्या पेन्सिलींच्या डब्यातून खोडरबर घेतला आणि स्वतःच खोडायला बसलो. आधी तो मागे जाणारा बाण, मग चौकटीच्या बाजू, मग आतली अक्षरं. 'मुख्य लिपिक' पटकन गेलं, 'तपासणी' जरा दाबून लिहिलं होतं. रबराचा भुगा मी तळहाताने गोळा केला. खिडकीपासून पुढे एक मोकळी जागा राहिली, तिथे तिने नाक ओढत पट्टी ठेवली, पण रेघ मारेना. "मग तुम्ही कुठे?" ती म्हणाली. चित्राच्या कडेला, सगळ्याच्या बाहेर एक चौकोन होता, त्यात लिहिलं होतं 'नागरिक'. तिथूनच पहिला बाण निघत होता. मी त्यावर बोट ठेवलं. "इथे आहे की. आपलाही नळ सकाळचा गळतोय." बायको दारातून म्हणाली, "हो, आणि मी तुम्हाला कधीची सांगतेय." मग लेक हसली आणि तिने रेघ मारली.

प्रेझेंटेशन कॉलेजच्या एका लांबट खोलीत होतं, पडदे ओढलेले, पुढच्या रांगेत सर आणि मोठे साहेब, बाकी तिचे मित्रमैत्रिणी. आम्ही दोघं शेवटच्या रांगेत. बायकोने नवी चप्पल घातली होती आणि ती बाकाखाली गुपचूप काढून ठेवली. लेक छान बोलत होती. माणसं काय सांगतात, काय करतात, तक्रार कुठे अडते, किती हात लागतात, किती पुरेसे आहेत. मला सगळं कळत होतं, आणि फार अभिमान वाटत होता. मग पडद्यावर ते चित्र आलं आणि मोठ्या साहेबांनी बोट वर केलं. "खिडकी आणि दुरुस्ती यांच्यामध्ये मुख्य लिपिक असतात ना? ते दिसत नाहीत." याचं उत्तर तिने आईसमोर किती वेळा म्हणून पाहिलं होतं, ते मी बंद दाराआडून ऐकलं होतं : त्या टप्प्यावर माहितीत काही बदल होत नाही, म्हणून तो वगळला आहे. साधं वाक्य. तिने तोंड उघडलं. सरांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मग रांगांवरून थेट माझ्याकडे. ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. खोलीत कुणीतरी खोकलं. बायकोने माझा हात धरला. मला उठून साहेबांना पुष्कळ काही सांगायचं होतं, पण तोंडातून एकच शब्द आला, जो इतकी वर्षं हातातून जात होता.

"पुढे," मी म्हणालो.

तिने मान हलवली. साहेबांकडे वळून ते वाक्य स्वच्छ, न अडखळता म्हटलं. साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. मग तिने बटण दाबलं आणि पडद्यावर नव्या पद्धतीचा नमुना आला, एकच तक्रार : दवाखान्याच्या मागे, निळा दरवाजा, नळाला पाणी नाही. बाण खिडकीतून निघाला आणि मध्ये कुठेही न थांबता फिटरपर्यंत पोचला. मी सवयीने ती तक्रार शेवटपर्यंत वाचली.